गाणं चढत न्यायचं कसं? नवख्या गिटारवादकांसाठी

चार कॉर्ड जमल्या, एक स्ट्रमिंगचा पॅटर्न हातात बसला, आवडीचं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न थांबता वाजवता यायला लागलं. इथपर्यंत बहुतेक जण पोचतात. मग मित्रांसमोर वाजवताना लक्षात येतं, की पहिल्या मुखड्याला सगळे मान डोलवत होते आणि दुसऱ्या अंतऱ्याला गप्पा सुरू झाल्या. सूर चुकलेला नसतो, ताल सुटलेला नसतो. पण पहिल्याच पंगतीत सगळी जिलबी वाढून झालेली असते आणि पुढच्या पंगतींना वाढायला काही उरलेलं नसतं.

गाणं चढत नेणं ही बसवण्याची गोष्ट आहे. त्यासाठी बोटांत फार वेग लागत नाही. खाली जे सांगतोय ते जी, डी, ई मायनर आणि सी एवढ्या चार कॉर्डवर करता येतं.

आधी आपल्या गाण्यांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गिटारचे बहुतेक ऑनलाइन धडे इंग्रजी गाण्यांवर बेतलेले असतात. तिथे साधारणपणे आधी कडवं येतं आणि मग कोरस. कडवं खालच्या पट्टीत, शांत. कोरस उंच आणि मोठा. चढाची निम्मी सोय गाण्याच्या रचनेतच झालेली असते. आपलं भावगीत किंवा सिनेमातलं गाणं मात्र मुखड्यानेच सुरू होतं. गाण्यातली सगळ्यात ओळखीची ओळ पहिल्या अर्ध्या मिनिटातच येऊन जाते आणि पुढे तीच ओळ, त्याच शब्दांत, तीन-चार वेळा परत येते. कोरसचा नियम मुखड्याला लावून तो पहिल्याच वेळी दणक्यात वाजवला, तर पुढच्या प्रत्येक वेळी तो तेवढाच किंवा त्याहून फिका वाटणार. म्हणून आपल्याकडचं खरं काम म्हणजे एकच मुखडा चार वेगवेगळ्या उंचीवर वाजवणं.

पहिली पायरी: कागद घ्या

गाण्याचे भाग एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे एक ते दहामधला आकडा टाका. साधारण चार मिनिटांच्या गाण्याचा माझा आराखडा असा असतो: सुरुवातीचं म्युझिक २, पहिला मुखडा ३, पहिला अंतरा २, दुसरा मुखडा ५, मधलं म्युझिक ६, दुसरा अंतरा ४, तिसरा मुखडा ८, शेवटचा मुखडा १०.

आकडे सरळ चढत नाहीत हे पाहिलंत ना? अंतऱ्याला ते खाली येतात. दुसरा अंतरा चारवर उतरतो म्हणूनच त्यानंतरचा आठ मोठा वाटतो. सहावरून सातवर आणि सातवरून आठवर गेलात तर ऐकणाऱ्याला फारसं काही कळत नाही. चारवरून आठवर गेलात तर अंगावर येतं.

दहाचा आकडा कुठे टाकायचा हे मात्र शब्द वाचून ठरवा. काही गाण्यांत शेवटच्या अंतऱ्यातली एखादी ओळ मुखड्यापेक्षा जड असते. तशी असेल तर शिखर तिथे ठेवा आणि शेवटचा मुखडा मुद्दाम उतरता घ्या. गाण्यात एक दहा पुरे. दोन दहा म्हणजे एकही नाही.

दुसरी पायरी: शेवटचा मुखडा आधी बसवा

उलटं वाटेल, पण सुरुवात शेवटाकडून करा. तुम्हाला जमेल तेवढं भरगच्च वाजवा: सहाही तारा, पूर्ण उघड्या कॉर्ड, सोळाव्या मात्रांचं स्ट्रमिंग (एका मात्रेत चार स्ट्रोक), चार मात्रांच्या बारमध्ये दोन आणि चारवर जोर. ही तुमची कमाल. ती नीट, धाप न लागता जमली पाहिजे. कमाल करताना पिक सुटत असेल किंवा तारा खरखरत असतील, तर ती जरा खाली आणा.

आता तिथून मागे या आणि एकेक गोष्ट काढत चला. तिसऱ्या मुखड्यात सोळाव्या मात्रांच्या जागी आठव्या (मात्रेत दोन स्ट्रोक). दुसऱ्यात जाड तारांवरच हात. पहिल्यात स्ट्रमिंगच नाही. पहिला मुखडा आधी ठरवून त्यात भर घालत गेलात, तर तिसऱ्या मुखड्यापर्यंत हातातली पानं संपतात. शिखराकडून उतरत आलात, तर कुठे काय राखून ठेवायचं ते आपोआप ठरतं.

तिसरी पायरी: उजवा हात

नवखे लोक डाव्या हाताची काळजी करत बसतात. गाण्याची उंची ठरवतो तो उजवा हात, म्हणून या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

पहिल्या मुखड्यात एका बारमध्ये दोनच आघात: एकवर अंगठ्याने खर्जाची तार (त्या कॉर्डमधली सगळ्यात जाड तार), तीनवर तर्जनी-मध्यमा-अनामिका एकदम खालच्या तीन बारीक तारांवर. बाकी वेळ कॉर्ड घुमू द्या. हे वाजवताना हात शिवशिवतो, मधली जागा भरावीशी वाटते. भरू नका. त्या जागेत गायकाचे शब्द ऐकू येतात, आणि पहिल्या फेरीला शब्द पोचणं सगळ्यात महत्त्वाचं.

पहिल्या अंतऱ्याला प्लकिंग: खर्जाची तार, मग तिसरी, दुसरी, तिसरी, पहिली, तिसरी, दुसरी, तिसरी. आठ सूर, आठ आघात, सगळे हलके. इथे हालचाल वाढली आहे, पण आवाज वाढलेला नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसऱ्या मुखड्याला पिक घ्या आणि नेहमीचा डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप वाजवा. पण डाउन स्ट्रोक वरच्या तीन-चार जाड तारांवरच संपवा. बोटांवरून पिकवर जायला वेळ लागतो, त्याची सोय आधीच करून ठेवा: अंतऱ्याच्या शेवटच्या बारमध्ये कॉर्ड एकदाच छेडून सोडून द्या आणि ती घुमत असताना पिक उचला. ऐकणाऱ्याला तो एक श्वास वाटतो.

दुसऱ्या अंतऱ्यासाठी पाम म्यूट. हे तंत्र नीट शिका, कारण एकट्या गिटारवर चढ दाखवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही. उजव्या तळहाताची करंगळीकडची कडा ब्रिजवर, जिथून तारा सुटतात त्या पांढऱ्या पट्टीवर टेकवा. फक्त डाउन स्ट्रोक, एक-अन्-दोन-अन्-तीन-अन्-चार-अन्. हात दोन सेंटिमीटर पुढे, भोकाकडे सरकला तर सूर मरतो आणि नुसतं ‘थड थड’ उरतं. पट्टीच्या मागे ब्रिजवरच राहिला तर काही दबतच नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे, जिथे ठोकाही लागतो आणि कॉर्डही ओळखू येते. ती जागा प्रत्येक गिटारवर थोडी वेगळी असते, त्यामुळे डोळे मिटून कानानेच शोधा. सापडली की सराव असा: चार बार तेच आठ डाउन स्ट्रोक वाजवत राहा आणि तळहात कणाकणाने मागे घेत चला, म्हणजे चौथ्या बारच्या शेवटी तारा पूर्ण मोकळ्या झालेल्या असतील. जोर वाढवू नका, कॉर्ड बदलू नका. तरीही गाणं उघडत गेल्याचं स्पष्ट ऐकू येईल. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटच्या चार बारमध्ये हेच करायचं आणि थेट तिसऱ्या मुखड्यात उतरायचं.

तिसऱ्या मुखड्याला तारा मोकळ्या, सहाही तारांवर स्ट्रोक. शेवटच्याला सोळाव्या मात्रा. यासाठी एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या: मनगट सतत सारख्या गतीने वर-खाली चालू ठेवायचं आणि पॅटर्न बदलताना फक्त तारांना कुठे स्पर्श करायचा तेवढं बदलायचं. हात थांबवून पुन्हा सुरू केला की लय हमखास हलते.

पिक फार पातळ नको. अर्ध्या मिलिमीटरचं पिक स्ट्रमिंगला सोपं जातं, पण जोर लावला की ते वाकतं आणि हळू-मोठ्यातला फरक खाऊन टाकतं. ०.७३ मिलिमीटरच्या आसपासचं घ्या. आणि हात कुठे वाजतोय तेही पाहा: भोकाच्या वर, फ्रेटबोर्डच्या टोकाशी आवाज गोल आणि मऊ येतो, ब्रिजकडे सरकलात की टोकदार होतो. पहिला मुखडा मऊ जागेत, शेवटचा ब्रिजकडे. फुकटात मिळणारा चढ आहे, घ्या.

चौथी पायरी: डावा हात

इथे एक सोपी युक्ती आहे. सुरुवातीच्या भागांत चारही कॉर्ड अशा धरा, की अनामिका आणि करंगळी दुसऱ्या आणि पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून उठणारच नाहीत. सहाव्या तारेकडून पहिल्या तारेकडे वाचा (आकडा म्हणजे फ्रेट, ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे ती तार वाजवायची नाही):

जी: ३-२-०-०-३-३
डी सस फोर: ×-×-०-२-३-३
ई मायनर सेव्हन: ०-२-२-०-३-३
सी अ‍ॅड नाइन: ×-३-२-०-३-३

खर्ज बदलतो, पण वरचे दोन सूर, डी आणि जी, तसेच लागून राहतात. त्यामुळे गाणं पुढे सरकतं आणि तरी एका जागी थांबल्यासारखं वाटतं. तंबोऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानांना हे लगेच पटतं. मग तिसऱ्या मुखड्याला ती दोन बोटं सोडवा आणि साधी डी (×-×-०-२-३-२) आणि साधी सी (×-३-२-०-१-०) वाजवा. इतका वेळ अडवून ठेवलेला वरचा सूर पहिल्यांदाच हलतो. नेहमीच्याच कॉर्ड, पण इथे त्या नव्या वाटतात.

खर्जाची चाल हा पुढचा टप्पा. जीवरून ई मायनरकडे जाताना मधल्या डीचा खर्ज एफ शार्प ठेवा (२-×-०-२-३-२, गिटारवाले याला डी बाय एफ शार्प म्हणतात). खर्ज जी, एफ शार्प, ई असा पायरी-पायरीने उतरतो आणि गाण्याला ओढ येते. ही चाल दुसऱ्या मुखड्यापासून आणा, पहिल्यात नको.

आणि मुखड्यात शिरण्याआधी दोन बार पंचमावर थांबा. जी म्हणजे पांढरी पाच हा तुमचा सा. त्याचा पंचम डी, म्हणजे मोकळी चौथी तार. ती खर्जाला धरून आधी सीचा आकार (×-×-०-०-१-०) एक बार, मग साधी डी एक बार. वर काहीही बदललं तरी खाली पंचम हलत नाही, आणि ऐकणारा षड्जाची वाट पाहायला लागतो.

पाचवी पायरी: थांबा

शिखराच्या अगदी आधी शांतता ठेवा. शेवटच्या मुखड्यापूर्वी अर्धा बार, दोन मात्रा, सगळं बंद. उजवा तळहात तारांवर सपाट टेकवा, डाव्या हाताचा दाब सैल करा, एकही तार घुमता कामा नये. गायक पहिला शब्द एकटा उचलेल आणि समेवर, म्हणजे पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर, तुम्ही पूर्ण ताकदीने या.

बंद पडण्याऐवजी तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घ्यायची असेल तर गिटारवरही सहज जमते. शेवटच्या बारमध्ये तीनच ठोके: पहिला दोनवर, दुसरा तीनच्या ‘अन्’वर, तिसरा थेट पुढच्या समेवर. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं, दीड मात्रा. तबलजी सोबत असेल तर त्याला फक्त खूण करा, तो तुमच्या आधीच तिथे पोचलेला असेल.

लय पळवू नका

हे सगळं करताना सगळ्यात मोठा धोका लयीचा. आवाज वाढला की हात पळतो. मिनिटाला ७६ मात्रांवर सुरू केलेलं गाणं शेवटाला ८८ वर पोचतं आणि गायकाची शब्द उरकताना दमछाक होते. १९२८ सालचं मॉरिस राव्हेल यांचं ‘बोलेरो’ ऐकून पाहा. पाऊण-एक मिनिटाच्या दोन धुना, स्नेअर ड्रमवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेका, लय जवळपास पंधरा मिनिटं तीच. वाद्यं तेवढी वाढत जातात. आणि शेवटाला अंगावर काटा येतो. लय न वाढवता किती चढता येतं, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

आपल्या वारकरी भजनात लय वाढते, गजराला तर ती भरधाव होते, आणि ते अतिशय सुंदर असतं. पण तिथे पखवाज आणि सगळे टाळकरी मिळून ती वाढवतात. ठरवून, एकत्र, कुठे वाढवायची हे माहीत असताना. तुमच्या गाण्याला ते शोभत असेल तर जरूर करा, फक्त जागा ठरवून करा. नाहीतर सतारीवरच्या झाल्याचा विचार करा: चिकारीच्या (बाजूच्या बारीक तारांच्या) आघातांनी मात्रेमात्रेतली जागा भरत जाते आणि तीच लय दुप्पट भरलेली भासते. आठव्यांवरून सोळाव्यांवर जाताना तुम्ही तेच करत असता.

सराव मेट्रोनोमवर करा, पण टिकटिक फक्त दोन आणि चारवर ठेवा. मेट्रोनोम ३८ वर लावून प्रत्येक ठोका ‘दोन’ आणि ‘चार’ धरला की झालं ७६. सुरुवातीला चुकेल; जमलं की लय तुमच्या हातात आली.

सोबतीला कोणी असेल तर

एका भागात एकच नवीन वाद्य आणा. काहोन (हाताने वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य) दुसऱ्या मुखड्याला, बेस मधल्या म्युझिकपासून, दुसरी गिटार तिसऱ्या मुखड्याला. दुसऱ्या गिटारवाल्याने तुमच्याच जागी तुमचेच आकार वाजवले तर फक्त गोंगाट वाढतो. त्याला सातव्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी, जी, ए मायनर, एफचे आकार वाजवायला सांगा. येतात त्याच जी, डी, ई मायनर, सी, पण वरच्या सप्तकाकडे. तुमची गिटार खाली, त्याची वर. बेस आला की तुम्ही सहाव्या-पाचव्या तारेवरचा हात हलका करा, नाहीतर खर्ज गढूळ होतो.

प्रत्येकाला आपण कुठे वाजवायचं नाही हे सांगा. हौशी मंडळींत हे सांगताना अवघड वाटतं, कारण गिटार घेऊन आलेल्या माणसाला दोन मिनिटं गप्प बसवायचं असतं. पण त्याच्या पहिल्या स्ट्रोकला खोली भरून जाते तेव्हा तोच सगळ्यात खूश होतो.

शेवटच्या मुखड्याला पट्टी वर चढवायचा मोह होतो. जीवरून ए करायचं असेल तर मध्ये एक बार ई सेव्हन घ्या. गायकाचा वरचा सूर आधी तपासा, आणि कापो लावलेला असेल तर मधेच सरकवता येणार नाही हे विसरू नका. बाकीचा चढ नीट बसला असेल तर याची गरज क्वचितच पडते.

घरी रेकॉर्ड करत असाल तर शेवटच्या मुखड्याचं स्ट्रमिंग दोनदा वेगवेगळं वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ठेवा. एकाचीच नक्कल करून दोन्हीकडे टाकलीत तर आवाज नुसता मोठा होतो, रुंद होत नाही. रुंदी येते ती दोन वादनांमधल्या बारीक फरकांमुळे. आणि आधीचे भाग मध्यभागी, अरुंदच राहू द्या.

तपासून पाहा

गाणं फोनवर रेकॉर्ड करा. अनेक फोन हळू आवाज आपोआप मोठा आणि मोठा आवाज हळू करतात, त्यामुळे तुमचा चढ रेकॉर्डिंगमध्ये सपाट दिसू शकतो. सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर करा, नाहीतर फोन गिटारपासून दोन-तीन मीटर लांब ठेवा.

मग एका मित्राला चारही मुखडे उलटसुलट क्रमाने ऐकवा आणि कुठला कितवा ते ओळखायला सांगा. शब्द तेच, चाल तीच, म्हणजे ओळखायचं ते फक्त तुमच्या वाजवण्यावरून. दुसरा आणि तिसरा सारखाच वाटला असं तो म्हणाला, तर तिसऱ्यात भर घालू नका. दुसऱ्यातून काहीतरी काढा आणि पुन्हा ऐकवा.